रिचर्ड सेलेस्ट : ओहायोची गव्हर्नरकी आणि दिल्लीची वकिलात

निशिगंध

मी गेली सतरा वर्षं ओहायो राज्यात, कोलंबसला राहते. इथे मतदान करायला लागल्यावर राज्याचं राजकारण नीट समजून घ्यावं म्हणून जुनी वर्तमानपत्रं आणि सरकारी कागद वाचायला घेतले. त्यात एक नाव सारखं समोर येत राहिलं, रिचर्ड सेलेस्ट. इथली जुनी माणसं त्यांना 'डिक सेलेस्ट' म्हणतात. १९८३ ते १९९१ अशी आठ वर्षं ते ओहायोचे गव्हर्नर होते. पुढे १९९७च्या अखेरीपासून २००१पर्यंत दिल्लीत अमेरिकेचे राजदूत. पोखरणची दुसरी चाचणी, कारगिल, क्लिंटन यांचा दौरा हे सगळं त्यांच्या कारकिर्दीत झालं.

आपल्याकडे ते त्या साडेतीन वर्षांपुरतेच माहीत आहेत, आणि इथे त्यांची ओळख 'बँका बंद करणारा गव्हर्नर' अशी. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि दिल्लीतल्या वागण्याची मुळं ओहायोत आहेत असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा.

आधी एक खुलासा. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो थेट लोकांच्या मतांनी निवडून येतो आणि राज्याचा कारभार चालवतो, म्हणजे कामाच्या दृष्टीने आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. अंदाजपत्रक, कर, तुरुंग, रस्ते, सगळ्याचा जाब त्यालाच विचारला जातो.

सेलेस्ट यांचा जन्म ११ नोव्हेंबर १९३७चा. क्लीव्हलंडला खेटून लेकवूड नावाचं गाव आहे, तिथलं हे इटालियन वंशाचं कुटुंब. वडील फ्रँक सेलेस्ट लेकवूडचे महापौर होते, तेव्हा राजकारण घरातच होतं. येल विद्यापीठ, मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड. तिथे ऑस्ट्रियाच्या डागमार ब्राउन भेटल्या आणि पुढे लग्न झालं.

१९६३ साली हे पंचविशीतलं जोडपं दिल्लीला आलं. चेस्टर बोल्स दुसऱ्यांदा भारतात राजदूत म्हणून येत होते आणि त्यांनी सेलेस्टना आपला स्वीय साहाय्यक म्हणून सोबत आणलं. बोल्स हेही राज्याच्या राजकारणातून आलेले, १९४९ ते १९५१ कनेक्टिकटचे गव्हर्नर. त्याआधी जाहिरात कंपनी काढून पैसा मिळवलेला, महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या भावनियंत्रणाच्या खात्याचे प्रमुख. १९५१ साली पहिल्यांदा भारतात आले तेव्हा त्यांनी मुलांना दिल्लीतल्या भारतीय शाळेत घातलं आणि ती मुलं सायकलवरून शाळेत जायची. दुसऱ्या खेपेस राजदूतासाठी रूझवेल्ट हाऊस हे प्रशस्त निवासस्थान तयार होतं, पण बोल्स रॅटेन्डन रोडच्या जुन्या बंगल्यातच राहिले. राजदूताने लोकांत मिसळायचं असतं हे सेलेस्ट त्यांच्या हाताखाली चार वर्षं रोज बघत होते.

ते ओहायोत परतले. १९७०ला राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले, १९७४ला लेफ्टनंट गव्हर्नर म्हणजे उपगव्हर्नर झाले. गंमत अशी की गव्हर्नर होते रिपब्लिकन पक्षाचे जेम्स ऱ्होड्स आणि सेलेस्ट डेमोक्रॅट, कारण तेव्हा ओहायोत ही दोन पदं वेगवेगळी निवडली जात. १९७८ला त्यांनी ऱ्होड्सनाच आव्हान दिलं आणि थोडक्यात हरले. मग अध्यक्ष कार्टरनी त्यांना पीस कोरचं, म्हणजे इतर देशांत अमेरिकन स्वयंसेवक पाठवणाऱ्या सरकारी संस्थेचं, प्रमुखपद दिलं. १९८२ला पुन्हा उभे राहिले आणि मोठ्या फरकाने जिंकले.

जिंकले ते काय जिंकले! यंग्सटाउनची पोलादाची भट्टी १९७७च्या सप्टेंबरात बंद पडली होती आणि त्यानंतर एकेक कारखाना आटपत चाललेला. १९८३च्या सुरुवातीला ओहायोतली बेकारी चौदा टक्क्यांच्या आसपास, तिजोरीत खड्डा. सेलेस्टनी पहिल्या काही आठवड्यांतच प्राप्तिकर भरमसाट वाढवला. आधीच्या सरकारने तात्पुरता लावलेला अधिभार कायम केला आणि वर आणखी भर घातली. विरोधकांनी त्याला नाव दिलं 'नव्वद टक्के करवाढ'. ती रद्द करण्यासाठी त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यभर सार्वमत झालं. गव्हर्नर गावोगाव फिरून हा कर का हवा ते सांगत राहिले आणि लोकांनी करवाढ रद्द करायला नकार दिला. स्वतःवरचा कर लोकांनी मत देऊन टिकवला, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा तपासून बघितलं. त्याची किंमत मात्र पक्षाला मोजावी लागली, १९८४ला राज्याची सिनेट हातची गेली.

आता बँकांची गोष्ट. सिनसिनाटीत होम स्टेट सेव्हिंग्ज नावाची पतसंस्था होती. तिने फ्लोरिडातल्या ईएसएम या रोखे-दलालांशी मोठे व्यवहार केले होते. १९८५च्या मार्चमध्ये ईएसएम बुडाली, हिशेब खोटे निघाले, आणि होम स्टेटला सुमारे साडेचौदा कोटी डॉलरची खोट आली. या संस्थांच्या ठेवींना केंद्राच्या विम्याचं संरक्षण नव्हतं. राज्यातल्या संस्थांनी मिळून उभारलेला खाजगी हमी निधी होता आणि तो एकट्या होम स्टेटच्या धक्क्यानेच कोसळला. मग ज्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता अशा संस्थांच्या दारातही रांगा लागल्या.

माझ्या शेजारी एक आजी राहतात, मूळच्या सिनसिनाटीकडच्या. त्यांच्या संस्थेचं नाव मी लिहीत नाही. त्यांनी मला त्यांचं पासबुक दाखवलं. निळसर पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेले, आणि १९८५च्या फेब्रुवारीतली शेवटची नोंद जांभळ्या शाईत. मार्चचं पान कोरं. त्या आणि त्यांचे यजमान घडीच्या खुर्च्या, दोन गोधड्या आणि थर्मासभर कॉफी घेऊन रात्रभर फुटपाथवर बसले होते. पहाटे चारला पुढच्या माणसाने कागदावर नंबर लिहून सगळ्यांना वाटले, म्हणजे कोणी शौचाला गेलं तरी जागा जाऊ नये. तो चिठोरा, सत्तेचाळीस नंबरचा, अजून पासबुकात आहे. सकाळी दार उघडलंच नाही. काचेवर कागद चिकटवलेला होता, गव्हर्नरांच्या आदेशाने बंद.

१५ मार्च, शुक्रवार. सेलेस्टनी एका आदेशाने अशा सत्तरेक संस्था बंद केल्या. तिसाव्या दशकातल्या महामंदीनंतर असा प्रसंग अमेरिकेत आला नव्हता. सुमारे पाच लाख खातेदारांचे पैसे अडकले. वर नाजूक भाग असा की होम स्टेटचे मालक मार्व्हिन वॉर्नर डेमोक्रॅटिक पक्षाचे मोठे देणगीदार होते, सेलेस्ट यांच्या प्रचारालाही त्यांनी पैसा दिला होता. लोकांनी हेही सुनावलं आणि ते सुनावणं रास्त होतं. पण सेलेस्ट लपले नाहीत. विधिमंडळाला रात्री-बेरात्री बसवून कायदा करून घेतला, केंद्राचा ठेव-विमा मिळवणाऱ्या संस्थाच पूर्णपणे उघडतील अशी अट घातली, आणि होम स्टेटसाठी ग्राहक शोधला. जूनमध्ये ती दुसऱ्या संस्थेने घेतली आणि खातेदारांना पैसे मिळाले. १९८६ला त्याच ऱ्होड्सविरुद्ध सेलेस्ट पुन्हा निवडून आले, साठ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन.

दिल्लीबद्दल थोडं. राजदूत होऊन सहा महिने होतात न होतात तोच ११ आणि १३ मे १९९८ला पोखरण झालं. अमेरिकेला आधी सुगावाही लागला नव्हता. निर्बंध लावणं कायद्यानेच भाग होतं, आणि तो कायदा ओहायोचेच सिनेटर जॉन ग्लेन यांच्या नावाने ओळखला जातो! म्हणजे ओहायोच्या एका नेत्याने लिहिलेला कायदा ओहायोच्या दुसऱ्या नेत्याला दिल्लीत राबवायचा होता. सेलेस्टना सल्लामसलतीसाठी वॉशिंग्टनला बोलावून घेतलं. परत आल्यावर त्यांच्यापुढचं काम हे की निर्बंध असतानाही बोलणं चालू ठेवायचं. भारताकडून जसवंत सिंग आणि अमेरिकेचे परराष्ट्र उपमंत्री स्ट्रोब टॅलबट यांच्या बोलण्यांच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, आणि मार्च २०००मध्ये क्लिंटन भारतात आले. १९७८च्या कार्टर यांच्या भेटीनंतर बावीस वर्षांनी अमेरिकेचा अध्यक्ष इथे आला.

संतापलेल्या माणसांसमोर उभं राहून, त्यांना नको असलेली गोष्ट सांगून, तरी दार उघडं ठेवायचं हे सेलेस्ट बँकेच्या रांगांमुळे शिकले होते असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं? कोणाला त्या काळातलं काही आठवत असेल तर जरूर लिहा.

---

कृष्णाकाठ

फार सुंदर लेख, निशिगंधताई. वाचनखूण साठवली.

बोल्स हे नाव वाचून एकदम आईची आठवण आली. आम्ही सांगली जिल्ह्यातले. १९६५-६६ला पाऊस गेला तेव्हा रेशनच्या दुकानात अमेरिकेचा गहू यायचा. आई त्याला कायम 'पीएल चारशेऐंशी' म्हणायची, म्हणजे ज्या अमेरिकन कायद्याखाली तो यायचा त्याचं नाव, जशी जातच असावी गव्हाची. ज्वारीवर वाढलेली माणसं आम्ही. त्या गव्हाची कणीक हाताला चिकटायची आणि पोळी दुपारपर्यंत वातड व्हायची. आई त्यात मूठभर ज्वारीचं पीठ घालून थापून भाकरीसारखं करायची. तरी एकदाही तिने त्या गव्हाला नावं ठेवली नाहीत, कारण दुकानात तेवढंच होतं.

१९६६ला देशात सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आलं आणि बहुतेक अमेरिकेचं. अध्यक्ष जॉन्सन मात्र ते एकदम सोडत नव्हते, महिन्या-महिन्याच्या हिशेबाने जहाजांना परवानगी द्यायचे. भारताने शेतीचं धोरण बदलावं हा एक हेतू, आणि व्हिएतनामवर भारत टीका करतो याचा राग दुसरा. बोल्स दिल्लीहून सारखे तारा पाठवून धान्य सोडा म्हणून भांडत होते. म्हणजे सेलेस्ट यांच्या दिल्लीतल्या शिकाऊ काळात त्यांच्या साहेबांचं मुख्य भांडण आपल्या पोटासाठी आणि स्वतःच्याच सरकारशी चाललेलं होतं. हे त्यांच्या मनावर ठसलं नसेल असं होणार नाही.

---

गोलघुमट

लेख माहितीपूर्ण आहे, पण मी थोडा वेगळा सूर लावतो.

मी एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. १९९८च्या निर्बंधांचा चटका आम्हाला बसलेला आहे. एका उपकरणाचा सुटा भाग, हातात मावेल एवढा, अमेरिकेहून यायचा होता. पैसे भरले होते, खोकं बांधून तयार होतं, आणि ते तिथेच थांबलं. आमचं काम अणूचं नव्हतं, क्षेपणास्त्रांचंही नव्हतं. आमच्या एका विद्यार्थिनीचा परिषदेला जायचा व्हिसा मिळाला नाही, ती तर नुकती पीएचडी झालेली मुलगी. तेजस विमानाच्या उड्डाण-नियंत्रणावर अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना तर सामान मागे ठेवून परतावं लागलं होतं.

तेव्हा राजदूत दार उघडं ठेवत होते हे वाचताना मला ते खोकं आठवतं. व्यक्ती म्हणून सेलेस्ट चांगले असतील. पण आपण त्यांच्याकडे त्यांच्या देशाच्या नजरेतून बघतोय का?

---

निशिगंध

गोलघुमटजी, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. त्या मुलीबद्दल वाईट वाटलं. निर्बंध त्यांनी ठरवले नव्हते, पण राबवणाऱ्यांत ते होते, हे खरं आहे आणि लेखात मी ते एका वाक्यात उरकलं. ती माझी चूक.

कालक्रम पुरा करते. १९९८च्या अखेरीस अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, दिलेल्या सवलतीने आर्थिक निर्बंधांतले काही शिथिल झाले. अमेरिकेने ज्या भारतीय संस्थांची यादी केली होती त्यांच्यावरची बंधनं मात्र पुढेही राहिली, म्हणजे तुमच्यासारख्यांची सुटका सगळ्यात शेवटी. चाचणीमुळे लागलेले निर्बंध अध्यक्ष बुश यांनी सप्टेंबर २००१मध्ये उठवले, तेव्हा सेलेस्ट दिल्लीतून गेलेले होते.

क्लिंटन यांच्या दौऱ्याच्या वर्षी भारत-अमेरिका विज्ञान आणि तंत्रज्ञान मंच स्थापन झाला, दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांना एकत्र काम करता यावं म्हणून. जे तुटलं होतं त्यातलं थोडं तरी सांधायची ती खटपट होती.

---

तारापूरचा_समुद्र

ग्लेन यांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. ग्लेन आणि महाराष्ट्र यांचा संबंध १९९८च्या वीस वर्षं आधीचा आहे.

तारापूरच्या अणुवीज केंद्राचा भारत-अमेरिका करार ऑगस्ट १९६३चा, म्हणजे बोल्स दुसऱ्यांदा दिल्लीत रुजू झाले त्याच उन्हाळ्याच्या अखेरचा. दोन अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या, कर्ज अमेरिकेचं, आणि इंधनाचं समृद्ध युरेनियमही अमेरिकेनेच द्यायचं असं ठरलेलं. १९६९ला वीज सुरू झाली. १९७४ला आपण पहिली चाचणी केली. १९७८ला अमेरिकेत अण्वस्त्रप्रसार रोखण्याचा कायदा झाला, आणि तो घडवण्यात सिनेटर ग्लेन पुढे होते. त्या कायद्यामुळे तारापूरच्या इंधनावर गदा आली. शेवटी १९८२ला फ्रान्सकडून इंधन घ्यायचं ठरलं.

माझे वडील त्या केंद्रात तंत्रज्ञ होते. बोईसरच्या वसाहतीत आम्ही वाढलो. 'यंदा इंधन येणार का' हा प्रश्न आमच्याकडे पावसासारखा विचारला जायचा. ओहायो कुठे आहे हे मला माहीत नव्हतं, पण ग्लेन हे नाव शाळकरी वयात ऐकलेलं होतं. हा माणूस पृथ्वीभोवती फिरून आलेला पहिला अमेरिकन, हे फार नंतर कळलं.

---

पिंपळपान

मूळ लेखात एक गोष्ट राहिली असं वाटतं म्हणून भर घालते. मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते.

गव्हर्नरपदाच्या शेवटच्या दिवसांत, डिसेंबर १९९०मध्ये, सेलेस्टनी पंचवीस महिलांच्या शिक्षा एकाच वेळी कमी केल्या. या बहुतेक बायका नवऱ्याचा किंवा जोडीदाराचा जीव घेतल्याबद्दल तुरुंगात होत्या, आणि आधी वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या. त्यांच्या खटल्यांच्या वेळी ओहायोच्या न्यायालयांत असा छळ सोसलेल्या बाईची मनःस्थिती काय होते याबद्दल तज्ज्ञाची साक्षच घेतली जात नव्हती. १९९०च्या मार्चमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती साक्ष मान्य केली. पण ज्या आधीच आत होत्या त्यांचं काय? गव्हर्नरांच्या कार्यालयाने एकेक फाइल उघडून तपासली. सुटलेल्यांना अशाच छळ सोसणाऱ्या स्त्रियांसाठी दोनशे तास काम करण्याची अट घातली होती. डागमार सेलेस्ट यांनी हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला होता.

ज्यांनी अशा अशिलाची बाजू मांडली आहे त्यांना या निर्णयाचं वजन कळेल. मारहाणीच्या जुन्या तक्रारींची नोंदच नसते. दवाखान्याच्या कागदावर 'जिन्यावरून पडली' असं लिहिलेलं असतं. अशा कागदांतून खरं काय घडलं ते शोधायला सरकार स्वतःहून बसलं, हे मी दुसरीकडे क्वचित पाहिलं.

---

जुना_पेठकर

पिंपळपानताई, उत्तम भर. त्याच आठवड्यांत त्यांनी आठ जणांच्या फाशीच्या शिक्षाही कमी केल्या ना?

---

पिंपळपान

हो. जानेवारी १९९१, पद सोडायला चारच दिवस उरलेले असताना. त्यावर प्रचंड गदारोळ झाला. पीडितांच्या घरच्यांचा राग तर समजण्यासारखाच होता. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९९४ला ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कमी करण्याचा गव्हर्नरांचा अधिकार मान्य केला. त्या आठांबद्दल माझं मत तितकं पक्कं नाही. शेवटच्या चार दिवसांत घेतलेल्या निर्णयाचा जाब द्यायला माणूस खुर्चीत उरत नाही, हे मला खटकतं. महिलांच्या बाबतीत निदान महिनोन् महिने छाननी झाली होती.

---

दादर_टीटी

राजदूतपदं राजकारण्यांना वाटायची पद्धत मला मुळातच पटत नाही. अमेरिकेत साधारण तीनांतला एक राजदूत असा राजकीय नेमणुकीचा असतो. हयात परराष्ट्र सेवेत घालवलेल्या अधिकाऱ्याने देश, भाषा, इतिहास शिकायचा आणि वर येऊन बसणार प्रचाराला पैसे देणारा. तुमच्या लेखातले वॉर्नर स्वतः कार्टरच्या काळात स्वित्झर्लंडचे राजदूत होते! पुढे त्याच बँक प्रकरणात ते दोषी ठरले. मग पद्धत चांगली कशी म्हणायची?

---

कृष्णाकाठ

दादरकर, पद्धतीबद्दल सहमत, पण सगळ्यांना एका मापाने मोजू नये. आपणही बाहेरची माणसं पाठवली आहेत आणि त्यांतली काही फार मोठी होती. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला १९५८ला वॉशिंग्टनला राजदूत म्हणून गेले. १९७७ला मुंबईचेच पालखीवाला गेले. दोघेही परराष्ट्र सेवेतले नव्हते. उलट्या दिशेचं उदाहरण विजयालक्ष्मी पंडित, मॉस्को आणि वॉशिंग्टनला राजदूत राहून १९६२ला महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या.

देणगी देऊन पद मिळवणारा आणि निवडणूक हरून-जिंकून, लोकांच्या शिव्या खाऊन आलेला, यांत फरक करायला हवा.

---

निशिगंध

कृष्णाकाठ, माझ्या मनातलं नेमकं लिहिलंत. दादरकरांच्या मुद्द्यात भर म्हणून सांगते, सेलेस्ट दिल्लीला नवखे नव्हते. पंचविशीत चार वर्षं काढलेली. फ्रँक विस्नर, त्यांच्या आधीचे राजदूत, परराष्ट्र सेवेतले कसलेले अधिकारी होते. १९९५ला पोखरणची तयारी उपग्रहातून दिसली तेव्हा त्यांनी ती छायाचित्रं दिल्लीत दाखवून चाचणी थांबवण्यासाठी दबाव आणला. १९९८ला आपल्या लोकांनी रात्री काम केलं, उपग्रहांच्या वेळा सांभाळल्या, आणि कोणाला काही दिसलं नाही. राजदूत सेवेतला असता तरी त्यालाही दिसलं नसतंच.

तेव्हाचे संयुक्त राष्ट्रांतले अमेरिकेचे प्रतिनिधी बिल रिचर्डसन चाचणीआधी महिनाभर दिल्लीत येऊन सगळ्यांना भेटून गेले होते, त्यांनाही कोणी काही बोललं नाही. तेही पुढे न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर झाले. आणि क्लिंटन स्वतः आर्कान्सासचे गव्हर्नर असल्यापासून सेलेस्टना ओळखत. राजदूताचा फोन अध्यक्ष उचलतो की नाही, यावर दिल्लीत त्याचं वजन ठरतं. माझ्या मते राजकीय नेमणुकीचा खरा उपयोग झालाच तर तो इथे होतो.

---

फोर्टातला_कारकून

क्लिंटन मुंबईला आले तेव्हा मी दलाल स्ट्रीटच्या बाजूला एका छोट्या दलाली पेढीत होतो. ते शेअर बाजारात यायचे म्हणून दोन दिवस आधीपासून रस्ता धुऊन काढत होते. रोजचा वडापाववाला हलवला, मोची हलवला. आम्हाला खिडक्या बंद ठेवायच्या सूचना होत्या. उकाडा मार्चचा, एक पंखा, आणि सातजण काचेला नाक लावून. दिसल्या त्या फक्त काळ्या गाड्या. त्यांतल्या कुठल्यातरी गाडीत राजदूतही असतील तेव्हा, आज तुमच्यामुळे त्यांचं नाव कळलं.

त्याच दौऱ्याच्या सुरुवातीला काश्मीरमध्ये छत्तीसिंगपुऱ्याला पस्तीस-छत्तीस शीख बांधवांना मारलं होतं. ते दुःख त्या आठवड्यावर होतंच. टीव्हीवर एकीकडे राजस्थानातल्या नायला गावातल्या बायकांबरोबर नाचणारे क्लिंटन आणि पुढच्याच बातमीत छत्तीसिंगपुरा. अजून दोन्ही चित्रं एकत्रच आठवतात.

---

सावंतवाडी_एक्सप्रेस

धागा वाचून अंगावर काटा आला तो बँकेच्या भागाने. आमच्या कुटुंबाची ठेव एका सहकारी बँकेत होती, नाव लिहीत नाही. एके संध्याकाळी बातमी आली की निर्बंध लागले, खात्यातून ठरावीक रकमेच्या वर काढता येणार नाही. बाबांच्या शस्त्रक्रियेचे पैसे त्यातच. शाखेबाहेर मीही उभी होते. मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? कोणी बाहेर येऊन बोललंच नाही. शटर अर्धं खाली, आत दिवा चालू, आणि सुरक्षारक्षक बिचारा सगळ्यांच्या शिव्या खातोय.

आपल्याकडे ठेव-विम्याची मर्यादा एक लाख होती, ती फेब्रुवारी २०२०मध्ये पाच लाख झाली. आमचे पैसे हप्त्याहप्त्याने परत मिळाले, पण बाबांचं ऑपरेशन उधारीवर झालं.

म्हणून निशिगंधताई, एक विचारायचं होतं. तुमच्या त्या आजींना पैसे कधी मिळाले? आणि गव्हर्नरांवरचा त्यांचा राग गेला का?

---

निशिगंध

तुमच्या बाबांची तब्येत आता बरी असेल अशी आशा करते.

आज मुद्दाम आजींकडे जाऊन विचारलं. त्यांची संस्था सुस्थितीत होती, केंद्राचा विमा मिळेपर्यंत अडली होती इतकंच. मधल्या काळात थोडे थोडे पैसे काढायची मुभा मिळाली. मे महिन्यात पूर्ण दार उघडलं, तेव्हा त्या पुन्हा रांगेत गेल्या आणि सगळे पैसे काढले. घरी आणून भांड्यांच्या कपाटात ठेवले. तीन दिवस झोप लागली नाही, म्हणून चौथ्या दिवशी नेऊन परत भरले. म्हणून ते जुनं पासबुक तसंच राहिलं, नव्या नोंदी नव्या पुस्तकात आहेत.

१९८६ला मत कोणाला दिलंत, हेही विचारलं. त्यांनी ऱ्होड्सना, यजमानांनी सेलेस्टना. त्यावरून त्या दिवशी दोघांनी जेवण वेगवेगळं केलं होतं म्हणाल्या.